स्त्रीराज्याची राणी मैनाकिनी
(मारुती मंदिर जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



मारुतीरायाच्या देवळाचा जीर्णोद्धार आपणां सर्वांच्या हातभाराने पार पडला. अशा प्रसंगी मारुतीची कथा ऐकावी हे योग्यच. पण लंकादहन लहान मुलांनाही पाठ आहे. म्हणून आज नवनाथांच्या पोथीतली कथा घेऊ. ती आपल्या ठाणे जिल्ह्याला परकी नाही. वज्राबाईच्या स्थानी, ऊन पाण्याच्या कुंडांपाशी मच्छिंद्रनाथ आले असे पोथी सांगते, आणि भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हीच ती जागा असे आपल्याकडे मानतात. कल्याणजवळच्या मलंगगडाशी कोणी नाथांचे नाव जोडतात, कोणी हाजी मलंगांचे. त्या वादात आज शिरायचे कारण नाही.

धुंडीसुत मालू यांनी 'नवनाथ भक्तिसार' हा ग्रंथ शके १७४१, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये पूर्ण केला. श्रावणात घरोघरी त्याचे पारायण होते. त्यात मैनाकिनी येते. ती मूळची सिंहलद्वीपाची. आकाशमार्गाने जाणाऱ्या उपरिचर वसूला पाहून तिला हसू आले, त्याने शाप दिला आणि ती स्त्रीराज्यात येऊन पडली. तेथे पुरुष नावाला नाही. पुढे तिने मारुतीची आराधना केली. देव प्रसन्न झाला तेव्हा तिने वर म्हणून मारुतीलाच मागितले! मारुती चिरंजीव खरा, पण ब्रह्मचारी. मात्र भक्ताला विन्मुख पाठवणे त्याला जमेना. मच्छिंद्रनाथ येतील, असे वचन त्याने दिले आणि नाथांची समजूत घालून त्यांना तिकडे धाडले.

नाथ म्हणजे कविनारायणाचे अवतार, अमर. ते तेथे राहिले. मीननाथ हा पुत्र झाला. राणीचे दिवस सुखाचे गेले असतील, पण निर्धास्त कसे म्हणावे? आज ना उद्या शिष्य गुरूला शोधीत येणारच होता.

आणि गोरक्षनाथ आले. वाटेत मारुतीने अडवून पाहिले, चालले नाही. कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्यात स्त्रीवेषाने शिरून त्यांनी राजसभेत मृदंग धरला. त्या मृदंगातून गोरख आल्याची हाक उमटली आणि गुरू दचकले. आपण श्रोते इथे गोरक्षाचा जयजयकार करतो. त्याच सभेत बसलेल्या राणीकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिने पुष्कळ विनवण्या केल्या, गोरक्षाला मोहात गुंतवायचे उपायही केले. शेवटी नवरा गेला आणि लेकरूही त्याच्याबरोबर गेले. आई मात्र मागे राहिली.

आता दुसरी बाजू. मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानेश्वर, ही गुरुपरंपरा ज्ञानेश्वरीत स्वतः माउलींनी सांगितली आहे. स्त्रीराज्यातून गुरू परतले, ते या परंपरेचे मूळपुरुष म्हणून. वारकऱ्यांच्या पदरात जे पडले, त्याचे मोल कोणी दिले हा हिशेब करताना मैनाकिनीचे नाव राहून जाते.

प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली 'माया मच्छिंद्र' बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, दुर्गाबाई खोटे राणी. तेथे हा सारा संसार शिष्याला दाखविलेली माया ठरतो. चित्रपटाला ते शोभते. पोथीत मात्र मीननाथ माया नाही. तो पुढेही वडिलांबरोबर वाट चालतो.

त्या वाटेवर नाथांच्या झोळीत सोन्याची वीट होती. गोरक्षांनी ती हळूच काढून रानात फेकली. वीट दिसेना, तेव्हा ज्याने राज्य सोडले त्या योग्याने भूमीवर अंग टाकून शोक केला असे पोथी सांगते. गोरक्षांनी सबंध डोंगर सोन्याचा करून दाखविला, तोच गर्भगिरी. तो शोक नुसत्या सोन्यासाठी होता की मागे राहिलेल्या घरासाठी, हे पोथीकार बोलत नाहीत.