क्षमा: देवाकडे मागायची, माणसाला द्यायची

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही प्रवचनकार नाही. स्थापत्यातली पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीला लागलेला, रस्ते, मोऱ्या आणि भिंती यांची कामे बघणारा माणूस आहे. गाव अणशी, तालुका जोयडा. आमच्याकडचे म्हातारे अजूनही त्याला सुपा तालुका म्हणतात. सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाखाली गेले, तरी नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. अणशीत मोबाईलला धड रेंज मिळत नाही. त्यामुळे भांडण करायचे झाले तरी समोरासमोर उभे राहून करावे लागते, आणि मिटवायचे झाले तरी समोरच जावे लागते. आजच्या विषयावर बोलायचा माझा अधिकार म्हणाल तर तो एवढाच आहे.

विषय आहे क्षमेचा. गणपतीच्या दिवसांत हा विषय का, असे कोणी विचारील. आपली पूजा जरा आठवून पाहा. पूजा पुरी झाली की आपण हात जोडून काय म्हणतो? मला आवाहन नीट येत नाही, पूजा नीट येत नाही, विसर्जनही येत नाही, जे राहिले असेल त्याची क्षमा कर. कोकणात घरातला कर्ता माणूस गाऱ्हाणे घालतो, त्यातही चूकभूल पदरात घे असे मागणे असते आणि मागची सगळी मंडळी 'होय महाराजा' म्हणतात. मोदक, आरती, सजावट यांत जितके लक्ष असते तितके या मागण्यात नसते. पण खरे पाहता सगळ्या पूजेतले आपले स्वतःचे बोलणे तेवढेच असते. बाकीचे भटजींचे.

याच दिवसांत आपले शेजारी काय करतात तेही पाहण्यासारखे आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, कोल्हापूर या पट्ट्यात जैन शेतकरी बांधवांची वस्ती मोठी आहे. त्यांचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे आपल्या ऋषिपंचमीला सुरू होते आणि अनंत चतुर्दशीला संपते. दहा दिवसांचे दहा धर्म, आणि त्यांतला पहिलाच दिवस 'उत्तम क्षमा' या धर्माचा. पर्व संपले की क्षमावाणीला लोक एकमेकांच्या घरी जाऊन क्षमा मागतात. श्वेतांबर पंथाचे लोक चतुर्थीच्या सुमारास संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. म्हणजे एकाच आळीत, एकाच पावसात, एका घरी देवाकडे क्षमा मागणे चालू असते आणि पलीकडच्या घरी माणसाकडे. आपण त्यांच्याकडून दुसरा अर्धा भाग शिकायला हवा. देवाकडे मागणे सोपे आहे. तो उलट उत्तर देत नाही आणि जुनी गोष्ट उकरून काढत नाही. चुलतभावाकडे मागणे अवघड असते. श्रद्धेची परीक्षा तिथे होते असे मला वाटते.

आमच्या भागात चवथीचा एक नियम आहे. गोव्यात, कारवारकडे आणि कोकणातही तो दिसेल. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, शेतांची वाटणी झाली, तरी गणपती मूळ घरात एकच. काही घरांत पाळी लावून घेतात, पण देव एकच. मुंबईचा, पुण्याचा, वास्कोचा भाऊ त्या दिवशी मूळ घरी येतो. वरती माटोळी बांधायची असते. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, काकडी, चिबूड, तोरिंग आणि रानातली फळे टांगतात. हे एकट्याचे काम नव्हे. एकाने रानात जायचे, एकाने शिडी धरायची, एकाने गाठ मारायची. वर्षभर एकमेकांकडे न बघणाऱ्या दोन भावांना त्या दिवशी एकाच शिडीपाशी उभे राहावे लागते. पूर्वजांनी हे मुद्दाम ठरवले की आपोआप झाले, सांगता येत नाही. पण फार शहाणपणाचे आहे.

आता आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो. वडिलांना विचारून सांगतो आहे. ते म्हणाले, "सांग, पण पैशाचे आकडे सांगू नकोस."

अणशीचे राष्ट्रीय उद्यान 1987 सालचे. 2007 मध्ये दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. जंगलातून स्वखुशीने बाहेर जाणाऱ्या कुटुंबाला केंद्राच्या योजनेतून आधी 10 लाख रुपये होते, 2021 पासून 15 लाख झाले. त्यात अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळे कुटुंब धरला जातो. हा सरकारी आकडा आहे, तो सांगायला वडिलांची हरकत नाही. पण नीट विचार करा. एकाच घरात दोन भाऊ. एकाचे मुलगे मोठे, दुसऱ्याला मुलगा एकच, आणि तोही नोकरीला लागून बाहेर. कागदावर एका घराची किती घरे होतात आणि कोणाच्या वाट्याला काय येते, याचा हिशेब सुरू झाला की जेवणाच्या पानावरचे बोलणे थांबते.

काकांनी जायचे ठरवले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पावसाळ्यात रात्री कोणी आजारी पडले तर दवाखाना गाठेपर्यंत काय हाल होतात, ते त्यांनी पाहिले होते. मुलांची लग्ने जमत नव्हती. रानात कोण मुलगी देतो? वडिलांनी राहायचे ठरवले. त्यांचेही चुकीचे नव्हते. देवाची जागा इथे, आई म्हातारी, तिला हलवायचे कुठे? दोघेही बरोबर असले की भांडण जास्त चिघळते. एक चुकलेला असता तर त्याने कधीतरी मान खाली घातली असती. निघताना शब्दाला शब्द वाढला. वडील म्हणाले, "घर सोडलेस तसा देवही सोडलास." काका त्या चवथीला आले नाहीत. पुढच्याही नाहीत.

आजीने दोघांपैकी कोणालाही उपदेश केला नाही. चवथीला पाने वाढताना ती एक पान जास्त मांडायला सांगायची. "त्याचे पान वाढा." सगळे जेवून उठले की ते पान गाईला जायचे. वडील बघायचे, बोलायचे नाहीत. दोन वर्षांनी आजी गेली. त्यानंतर ते पान माझी आई वाढू लागली. वडिलांनी मोडा म्हटले नाही. माझ्या मते वडिलांची क्षमा तिथेच सुरू झाली होती, फक्त ती तोंडापर्यंत आलेली नव्हती.

पाचव्या वर्षी माटोळीच्या दिवशी दुपारच्या गाडीने काकू एकट्या आल्या. पिशवीत एक चिबूड होता, नव्या जागेतल्या परसात पिकलेला. "पहिला आहे, देवाला आणला," एवढेच म्हणाल्या. वडिलांनी तो हातात घेतला, शिडीवर चढले आणि स्वतः बांधला. त्याच्या पुढच्या वर्षी काका आले. आम्हा सगळ्यांना वाटले, आता काहीतरी मोठे बोलणे होणार. वडिलांनी विचारले, "पाऊस कसा आहे तिकडे?" काका म्हणाले, "इथल्याइतका नाही." झाले. मग दोघे ओटीवर पान खात बसले. पैशाचा विषय आजही निघत नाही, आणि कदाचित कधीच निघणार नाही. पण गाईला जाणारे ते पान आता काका जेवतात.

मंडळी, सिनेमातली क्षमा मिठी मारून, रडून होते. घरातली क्षमा बहुतेक वेळा पावसापाण्याच्या चौकशीतून होते. ती ओळखता आली पाहिजे. समोरच्याने "मला माफ कर" असे म्हटल्याशिवाय मी बोलणार नाही, असा हट्ट धरून किती घरे बसली आहेत! तो माणूस चहाला थांबतो आहे, तुमच्या मुलाच्या परीक्षेचे विचारतो आहे, लग्नाची पत्रिका स्वतः घेऊन आला आहे. याहून वेगळी माफी त्याला येत नाही. तीच समजून घ्यायची.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कारवारहून कद्र्यामार्गे वर चढताना अणशीचा घाट लागतो. अशा घाटात डोंगराच्या कडेला मातीला आधार देणाऱ्या भिंती असतात. त्या भिंतीत ठरावीक अंतरावर पाइपाची भोके ठेवलेली असतात, आम्ही त्यांना वीप होल म्हणतो. नवीन माणसाला वाटते, एवढ्या भक्कम भिंतीला भोके कशाला? पण भिंत नुसत्या मातीने सहसा पडत नाही. मागे साचलेल्या पाण्याने पडते. पाऊस मुरतो, पाण्याला वाट मिळत नाही, दाब वाढत जातो, भिंतीला पोट सुटते आणि एखाद्या रात्री सगळे रस्त्यावर येते. म्हणून पावसाळ्याआधी ती भोके साफ आहेत ना, गटारे मोकळी आहेत ना, हे बघत फिरावे लागते.

माणसाचे असेच असते. अपमान हा पाऊस आहे, तो पडणारच. संसारात राहून कोणी कोरडा राहत नाही. प्रश्न असतो तो पाणी निघून जायला वाट ठेवली आहे का, हा. ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी वेळेवर, कमी शब्दांत बोलणे ही एक वाट. एखाद्या विश्वासाच्या माणसापाशी मन मोकळे करणे ही दुसरी. देवापुढे बसून रडणे ही तिसरी, आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. मनात ठेवणारा माणूस घट्ट दिसतो, पण त्याचीच भिंत एक दिवस कोसळते, आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या माणसावर, बायकोवर नाहीतर लेकरावर कोसळते.

मात्र एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. भोके ठेवायची म्हणजे भिंत पाडायची नाही. क्षमा म्हणजे अन्याय चालू द्यायचा असे नव्हे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला 'सांभाळून घे, माफ कर' असे त्या बाईला सांगणारे आपण कोण? त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, तिला तिथपर्यंत पोचवणे हेच धर्माचे काम. दुसरे उदाहरण बहिणींचे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने 1994 मध्ये काही अटींसह दिला आणि 2005 मध्ये तो देशभर झाला. तरी आजही हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण प्रेमळ आणि न करणारी भांडखोर ठरते. क्षमा नेहमी दुबळ्यानेच करायची असेल तर ती क्षमा नसते, तो दबाव असतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली जो आयोग बसला, त्याच्या नावातच आधी सत्य होते आणि मग सलोखा. माफी हवी असणाऱ्याने आधी आपण काय केले ते सगळे सांगायचे, अशी अट होती. घरातही क्रम हाच ठेवावा.

आपल्या परंपरेत याचा सर्वांत सुंदर दाखला भावा-बहिणीचा आहे. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांना समाजाने वाळीत टाकले. मुलांना काय काय सोसावे लागले ते आपण सारे जाणतो. कथा अशी सांगतात की एकदा बाहेर झालेल्या अपमानाने ज्ञानेश्वर इतके दुखावले की झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहून त्यांना समजावू लागली. तेच ताटीचे अभंग. मला यात दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, ज्ञानेश्वरांनाही राग आला, म्हणून आपल्याला आला तर खचून जाऊ नये. दुसरी, दार बाहेरून तोडले नाही. बहीण बोलत राहिली, थोर भावाला त्याचे थोरपण आठवून देत राहिली. आणि ज्याला समाजाने इतके छळले, त्यानेच 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी करताना दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा जावो आणि त्यांनाही चांगले करण्याची गोडी लागो, एवढेच मागितले. आपण पसायदान कार्यक्रमाच्या शेवटी, चपला शोधता शोधता म्हणतो. एकदा घरी शांत बसून, ज्याच्यावर राग आहे त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून म्हणून पाहा.

शेवटी, रोजच्या संसारासाठी दोन-तीन साध्या गोष्टी. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याशीच बोलावे, त्याच्याविषयी चौघांत बोलू नये. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर रागाचे उत्तर रात्री लिहू नये. सकाळपर्यंत अर्धे शब्द आपोआप गळतात. मुलांसमोर काका-मामांची उणीदुणी काढू नयेत. आपले भांडण आपल्यापाशी संपते, पण मुलांना दिलेले भांडण पुढची पन्नास वर्षे चालते.

आज आरतीला आपण सगळे इथे आहोत. उद्या सकाळी यादीतला एक फोन लावा, बरेच दिवस न लावलेला. काय बोलावे ते सुचले नाही, तर पावसाची चौकशी करा. भाद्रपदात तेवढे पुरते.

बाप्पा आपल्या सगळ्यांना तेवढे बळ देवो. 

गणपती बाप्पा मोरया!