नव्या खिडकीभोवतीची फट
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेले भाषण)



आज घराचं बोलणार आहे, पण ते बोलणं बियाण्यापर्यंत येऊन पोचतंच. आमच्या पश्चिमेच्या भिंतीतली किडकी लाकडी खिडकी काढून आम्ही अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली. दिसायला झकास. तिच्याखाली पेरणीसाठी राखलेल्या घरच्या सोयाबीनच्या तीन गोण्या होत्या. मृगाचा पहिलाच पाऊस रात्री वाऱ्यासकट आला. सकाळी बघतो तर काचा कोरड्या, आणि चौकटीच्या कडेनं निघालेला ओघळ भिंतीवरून थेट गोणीत! बी फुगून टरफलं सुटलेली. ऐन पेरणीच्या तोंडावर गोणीभर बी विकत आणावं लागलं.

पाणी आलं ते चौकट आणि भिंत यांच्यामधून. चौकट सरळ बसावी म्हणून भिंतीतलं भोक थोडं मोठं ठेवावंच लागतं. राहिलेली फट गवंडी पुष्कळदा वरवर लिंपून टाकतो. आत पोकळीच राहते. शिवाय चार फुटांची अॅल्युमिनियमची पट्टी 30 अंशांनी तापली की जवळजवळ एक मिलिमीटर वाढते. भिंत त्याच्या निम्मीच वाढते. मग लिंपलेला माल चौकटीपासून सुटतो आणि केसाएवढी भेग पडते. वाऱ्याच्या जोरानं पाणी आत यायला तेवढी पुरते. उन्हाळ्यात तिथूनच झळा आणि धूळ, आणि फट मोठी असेल तर विंचूसुद्धा.

तेव्हा नुसता वरून लेप देऊ नये. फट आधी छन्नीनं मोकळी करा, सुटा माल काढा, ब्रशनं धूळ झाडा. चौकटीला कागदी चिकटपट्टी लावा. ओल्या सिमेंटनं अॅल्युमिनियम खराब होतं. बोटभर किंवा त्याहून मोठी फट असेल तर भिंत पाण्यानं भिजवून एकास चार माल, विटेच्या कपच्या घालून, आतपर्यंत ठासून भरा. सात दिवस पाणी मारा. बाहेरच्या कडेला मात्र चौकटीलगत पेन्सिलीएवढी खाच मोकळी ठेवा. ती माल पूर्ण वाळल्यावर सिलिकॉननं भरायची. ते रबरासारखं ताणतं, म्हणून चौकट वाढली-आटली तरी सुटत नाही. दुकानातून घेताना आंबट वासाचं घेऊ नका, ते सिमेंटला नीट धरत नाही. ‘न्यूट्रल’ असं सांगून मागा. त्यावर रंग बसत नाही, म्हणून रंगकाम आधी उरकावं.

अरुंद फटीसाठी हल्ली डब्यातला फवारायचा फोम मिळतो. झळा अडवायला तो चांगला. पण तो फुगतो. फट गच्च भरली तर चौकटच वाकते आणि खिडकी सरकेनाशी होते, म्हणून अर्धीच भरावी. हातमोजे घाला. फवारताना घरात चूल, बिडी, दिवा काही पेटतं नको. उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो. सुकल्यावर कापून वरून गिलावा करावाच.

मातीच्या भिंतीला हे सिमेंटचं काम चालत नाही. कडक सिमेंट मऊ मातीला धरत नाही, आणि ओल आत कोंडते. तिथे भुसा घालून काही दिवस भिजत ठेवलेला चिखल दोन-तीन थरांत भरा. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. लाकडी चौकटीची भिंतीला लागणारी बाजू बसवण्याआधीच डांबरानं माखून घ्या.

आता एक गोष्ट, जी आमच्याकडेही चुकली होती. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात. ती पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. गवंड्यानं उत्साहानं ती सिमेंटनं बुजवली होती! तारेनं मोकळी केली तेव्हा पट्टीत साठलेलं पाणी भळाभळा बाहेर आलं. खालच्या कडप्प्याचा उतारही बाहेरच्या बाजूला आहे ना, ते त्यावर पाणी ओतून पाहा.

काम झालं की वाऱ्याच्या दिवशी दारं-खिडक्या लावून पेटती उदबत्ती चौकटीभोवती फिरवा. धूर जिथे हलतो तिथे फट राहिली आहे. मग बाहेरून एकानं खालपासून वर नळीनं पाणी मारावं, आतून दुसऱ्यानं बघावं. घरात चूल पेटत असेल तर धूर जाण्याची वाट मात्र बंद करू नका. बुजवायची ती चौकटीभोवतीची फट, वरचा झरोका नव्हे.

घरकुलासारख्या लहान घरात पोती खिडकीपासून लांब ठेवायला जागा नसते, हे मला ठाऊक आहे. निदान ती फळीवर आणि भिंतीपासून हातभर सोडून ठेवा. माल वाळायला दिवस लागतात, म्हणून हे काम रोहिणी लागण्याआधीच काढावं. आणि सुरुवात पश्चिमेच्या खिडकीपासून करावी.