पोर्ट बसवताना भूल कुठे द्यायची?



अध्यक्षीय भाषणात शास्त्राच्या भवितव्यावर बोलावं, असा प्रघात आहे. मी मात्र ओटी लिस्टच्या तळाशी असणाऱ्या एका छोट्या शस्त्रक्रियेवर बोलणार आहे. ती म्हणजे केमो पोर्ट.

पूर्णपणे कातडीखाली बसणाऱ्या पोर्टचं वर्णन नीडरह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं. केमोच्या औषधांनी हाताच्या शिरा जळतात आणि कडक होतात. मग प्रत्येक फेरीला शीर शोधताना रुग्ण आणि सिस्टर दोघंही रडकुंडीला येतात. पोर्टने हा छळ थांबवला. पण ज्या रुग्णाच्या हातात कर्करोगाचा रिपोर्ट नुकताच पडला आहे, त्याची बहुधा ही पहिलीच शस्त्रक्रिया असते आणि ती तो जागेपणी सोसतो. त्या टेबलावर जे दुखतं ते तो पुढच्या सगळ्या उपचारांत लक्षात ठेवतो.

दुखतं कुठे? मानेत सुई जाताना थोडं, खिसा करताना बऱ्यापैकी, आणि खिशापासून मानेपर्यंत कातडीखालून बोगदा काढताना सगळ्यांत जास्त. टनेलरची दांडी कॉलरबोनवरून वर सरकते तेव्हा सर्जनचं लक्ष दांडीवर असतं आणि रुग्णाचा चेहरा हिरव्या कापडाखाली झाकलेला असतो. त्या क्षणी मी रुग्णाची पावलं पाहते. पायाची बोटं आत वळून घट्ट आवळली असतील, तर तोंडाने तो "ठीक आहे" म्हणाला तरी आपली भूल तिथे पोचलेली नाही. खिशाच्या जागी १० मिली लिग्नोकेन टोचलं जातं आणि बोगद्याची वाट कोरडी राहते, ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

म्हणून आधी साध्या लोकलबद्दल. ती नीट दिली तर बहुतेक रुग्णांना पुरते, असं माझं स्पष्ट मत आहे. लिग्नोकेन आम्लधर्मी असतं, ॲड्रेनलिन घालून आलेलं तर अधिकच, म्हणून ते चरचरतं. ९ मिलीत १ मिली सोडाबायकार्ब मिसळा, बारीक सुई घ्या, सावकाश टोचा, आणि टोचल्याबरोबर सुरी लावू नका. हिशेबही डोक्यात ठेवा. चाळीस किलोच्या बाईला साधं लिग्नोकेन किलोला ४.५ मिलिग्रॅम या मर्यादेने १८० मिलिग्रॅम चालतं, म्हणजे दोन टक्क्यांचं फक्त ९ मिली. तेच एक टक्क्याचं केलं तर १८ मिली मिळतं, आणि ॲड्रेनलिनसह सात मिलिग्रॅमच्या मर्यादेने २८. मान, बोगदा, खिसा हे तिन्ही त्यात आरामात बसतात. आपल्या कर्करोगाच्या रुग्णांचं वजन आधीच घटलेलं असतं, त्यामुळे अंदाजपंचे डोस इथे चालत नाही.

आता ब्लॉककडे येते. ब्लांको यांनी २०११ मध्ये पेक्स ब्लॉक मांडला आणि आपल्या तरुण मंडळींनी तो उत्साहाने उचलला. मला त्या उत्साहाचा आनंदच आहे. पण पेक्स एक हा मुख्यतः छातीच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसांचा ब्लॉक आहे. वरच्या कातडीची संवेदना त्याने जात नाही. पोर्टचा खिसा तर कातडीखालच्या चरबीत असतो! कॉलरबोनच्या वरची आणि साधारण दुसऱ्या बरगडीपर्यंतची कातडी मानेतून उतरणाऱ्या सुप्राक्लॅव्हिक्युलर नसांकडे आहे. म्हणून पोर्टसाठी खरा उपयोगी ब्लॉक सुपरफिशियल सर्व्हायकल प्लेक्ससचा. मानेतली सुई, बोगदा आणि खिशाचा वरचा काठ एकाच टोचणीत सुटतात. खिसा खाली गेला तर बरगड्यांमधल्या नसांचा भाग लागतो. पेक्स दोनने त्यांच्या बाहेरच्या शाखा मिळतात, उरोस्थीजवळच्या मिळत नाहीत. तिथे लोकलच टोचावी लागते, आणि तिचे मिलिग्रॅम ब्लॉकच्या मिलिग्रॅममध्ये मिळवून मोजावे लागतात.

एक रुग्ण मात्र वेगळा धरा. छातीच्या मध्यभागी लिम्फोमाची मोठी गाठ आहे, आडवं झाल्यावर धाप लागते, आणि भीतीने तो "मला झोपवूनच करा" म्हणतो. त्याला गाढ झोपवणं जिवावर बेतू शकतं. उशाकडची बाजू उंच ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत केलेली उत्तम प्रादेशिक किंवा स्थानिक भूल हाच तिथे सुरक्षित रस्ता आहे. मानेतला ब्लॉक देताना औषध खोलवर जाऊ देऊ नका. फ्रेनिक नस बधिर झाली तर त्याचा उरलासुरला श्वासही तोकडा पडेल. आणि ब्लॉक असो वा लोकल, २० टक्के लिपिड इमल्शन त्या खोलीत हाताशी असलंच पाहिजे, फार्मसीच्या कुलपात नव्हे.

तालुक्याच्या गावी काम करणारे सहकारी विचारतील, ब्लॉकसाठी सोनोग्राफी मशीन कुठून आणायचं? प्रश्न रास्त आहे. पीसीपीएनडीटी कायद्याने प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, आणि ते मनाला येईल तसं या रुग्णालयातून त्या रुग्णालयात नेता येत नाही. मुलींच्या जिवासाठी केलेला हा कायदा मला पूर्ण मान्य आहे. आपल्या रुग्णालयाच्या नोंदणीत ओटीतल्या मशीनचाही समावेश व्हावा, म्हणून व्यवस्थापनाकडे आपणच पाठपुरावा करायला हवा. तोवर मशीन नाही म्हणून रुग्णाला दुखू द्यायचं, हे मला मान्य नाही. वर सांगितलेल्या लोकलला मशीन लागत नाही.

म्हणून तुम्हा सर्वांना एक विनंती. पोर्टच्या प्रत्येक केसमध्ये भूलपत्रकावर एक ओळ वाढवा: बोगदा काढताना किती दुखलं, शून्य ते दहा. आकडा रुग्णाने सांगायचा, आपण नाही. शेजारी काय दिलं आणि किती मिलिग्रॅम दिलं तेही लिहा. पुढच्या परिषदेला येताना त्या नोंदी घेऊन या. ब्लॉक की लोकल हा वाद आपण त्यांच्यावरच घालू.