अपात्र म्हणजे गुन्हेगार नव्हे

(तालुका पातळीवरील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या विषयाचे नाव फार जड छापले आहे : 'शासनाची फसवणूक केल्याचा आरोप आणि कायदेशीर बचाव'. खरे तर यावर एखाद्या वकीलबाईंनी बोलायला हवे होते. मी वकील नाही. समाजकार्याचे शिक्षण घेऊन बारा वर्षे तालुक्याच्या गावी काम करते आहे. पण या विषयात एक मोठी चूक माझ्या हातून झाली. ती तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी मी इथे उभी आहे.

आमच्या भागातल्या एक मावशी. नवऱ्याने टाकून वीस वर्षे झाली. भावाच्या घरामागे पत्र्याच्या खोलीत राहतात, मजुरीला जातात. त्यांना निराधारचे पैसे सुरू झाले होते. २०२५ साली त्यांच्या हातात एक कागद पडला. त्यांनी खोटी माहिती देऊन शासनाची फसवणूक केली आहे, दोन वर्षांचे ३६,००० रुपये भरावेत, नाहीतर गुन्हा दाखल होईल, असा त्याचा आशय होता. मावशी धावत माझ्याकडे आल्या. मी त्यांना समोर बसवून माझ्या सुवाच्य अक्षरात एक अर्ज लिहिला : 'माझी चूक झाली. मी खोटी माहिती दिली. मी गरीब आहे, मला माफ करावे.' मावशींनी अंगठा केला. मला वाटले, नमते घेतले की साहेब सोडून देतील. मावशींनी दोन शेळ्या विकून ६,००० रुपये भरलेसुद्धा.

महिन्याभराने फाईल पाहायला मिळाली. सगळ्यात वर माझ्या अक्षरातला तोच अर्ज लावलेला होता. त्याच्या कडेला शेरा होता, की अर्जदाराने फसवणूक कबूल केली आहे.

बायांनो, मावशींनी काहीच कबूल केलेले नव्हते. मी कबूल केले होते, त्यांच्या अंगठ्याने.

ही एकट्या मावशींची गोष्ट नाही. २०२४ च्या जुलैत 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा आपण सगळ्यांनी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून फॉर्म भरले आहेत. महिना १,५०० रुपये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारा नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, अशा अटी. त्यांचे हमीपत्र बाईने सही करून द्यायचे. दाखल्यांची छाननी तेव्हा घाईत झाली, आणि खरी पडताळणी पैसे वाटून झाल्यावर सुरू झाली. २०२५ च्या जुलैत शासनानेच सांगितले की २६ लाखांहून जास्त लाभार्थी अपात्र दिसतात, त्यांचे पैसे थांबवले आहेत. चौदा हजारांवर पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याच्या बातम्याही त्याच महिन्यात आल्या. त्यानंतर ई-केवायसी आली. तिच्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. टाकलेल्या बाईने नवऱ्याचा आधार कुठून आणायचा, याचा विचार मागाहून झाला.

खोटे दावे होतच नाहीत असे मी म्हणणार नाही. पुरुष बाईच्या योजनेचे पैसे उचलतो ती लबाडीच आहे. पण एक लबाड सापडला की गावात सगळ्याच बायांकडे त्याच नजरेने पाहतात. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या धरायला शिका.

पहिली, अपात्र असणे. अटीत बसत नाही, एवढेच. लाभ बंद होईल. यात गुन्हा नाही. दुसरी, चूक होणे. माहिती चुकीची गेली, पण बाईला ते ठाऊक नव्हते, किंवा अर्ज केला तेव्हा ती खरी होती आणि पुढे परिस्थिती बदलली. तिसरी, फसवणूक. खोटे आहे हे ठाऊक असून, पैसे उकळण्याच्या हेतूने, शासनाला भुलवणे. गुन्हा फक्त या तिसरीत आहे. आपल्याकडे येणाऱ्या नोटिशींत तिन्ही एका ओळीत लिहिलेल्या असतात.

हे माझ्या मनचे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. त्याआधीच्या कृत्यांना जुन्या दंडविधानाची ४१५ आणि ४२० ही कलमे लागतात. दोन्हींत 'अप्रामाणिकपणे' किंवा 'लबाडीने' भुलवणे लागते. सरकारी नोकराला खोटी माहिती देण्याचे कलम आता २१७ आहे. त्यातही ती खोटी असल्याचे देणाऱ्याला ठाऊक असावे लागते, किंवा तसे तो मानत असला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात स्पष्ट केले, की फसवणुकीचा हेतू अगदी सुरुवातीपासून असावा लागतो. म्हणजे प्रश्न असा असतो : अर्जावर अंगठा उठवला त्या दिवशी या बाईच्या मनात काय होते, आणि अर्जात काय लिहिले आहे हे तिला ठाऊक होते का?

आता मावशींकडे परत येते. माफीचा अर्ज पाहून मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तालुका विधी सेवा समितीत गेले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचे उत्पन्न किती, हे कोणी विचारत नाही. १५१०० हा फोन नंबर आजच वहीत लिहून घ्या. तिथल्या वकीलबाईंनी माझे लिखाण वाचले आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, खोटी माहिती म्हणजे नेमकी कोणती?" मला उत्तर देता येईना. मी विचारलेच नव्हते!

मग आम्ही कागद मागितले : मूळ अर्ज, सोबतचे दाखले, चौकशी अहवाल. तोंडी मागितले तेव्हा मिळाले नाहीत. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. कागद हाती आल्यावर सगळे उलगडले. अर्ज कचेरीबाहेरच्या एजंटाने पाचशे रुपये घेऊन भरला होता आणि उत्पन्नाचा आकडा त्याच्या मनचा होता. मावशींना लिहितावाचता येत नाही, आणि अर्ज वाचून दाखवल्याचे त्यावर कुठेच नव्हते. 'पती सोबत राहतो' हा आरोप दोन आधारांवर होता. एक, रेशनकार्डावर नवऱ्याचे नाव अजून आहे. दोन, मुलीच्या लग्नात तो आठ दिवस घरी दिसला, असे शेजाऱ्याचे म्हणणे. मावशींकडे पोटगीचा हुकूम होता. पोटगीचा रुपया कधी आला नाही, पण नवऱ्याने टाकले असे कोर्टानेच लिहिले होते. तो कागद ट्रंकेत होता आणि चौकशीला आलेल्या माणसाने तो मागितला नव्हता.

आम्ही सविस्तर खुलासा दिला. माफीच्या अर्जातले शब्द माझे आहेत, मावशींना ते वाचून दाखवले नव्हते, असे मी माझ्या सहीने लिहून दिले. ते लिहिताना हात जड झाला, पण खरे तेच होते. सुनावणी झाली. फसवणुकीचा शेरा निघाला, गुन्हा दाखल झाला नाही, अकरा महिन्यांनी पैसे परत सुरू झाले. शेळ्या मात्र गेल्या त्या गेल्या.

सुनावणी ही मेहेरबानी नाही हेही लक्षात ठेवा. ओडिशातल्या सरकारी डॉक्टर बीनापाणी देई यांची जन्मतारीख सरकारने परस्पर बदलून त्यांना मुदतीआधी निवृत्त केले होते. त्या भांडल्या. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रशासकीय हुकूमसुद्धा माणसाच्या हक्कावर आघात करणारा असेल, तर त्याला आधी पुरावा दाखवला पाहिजे आणि म्हणणे मांडू दिले पाहिजे.

हे न पाळले तर काय होते ते पाहायला युरोपातले एक उदाहरण सांगते. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या खर्चासाठी आईबापांना सरकारी भत्ता मिळतो. तिथल्या कर खात्याने अनेक वर्षे हजारो पालकांना फसवे ठरवले. कुठे एक सही राहिलेली, कुठे खर्चाचा थोडा वाटा भरलेला नाही, अशा कारणांवरून पूर्ण भत्ता परत मागितला. परदेशी मुळाच्या कुटुंबांवर संशय जास्त होता. घरे कर्जात बुडाली, संसार मोडले. एव्हा गोन्साल्वेझ पेरेझ या वकीलबाईंनी वर्षानुवर्षे चिकाटीने कागद मागितले, तेव्हा कुठे सत्य बाहेर आले. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने अहवाल दिला. त्याचे नावच 'अभूतपूर्व अन्याय' असे होते. १५ जानेवारी २०२१ ला सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. श्रीमंत, शिकलेल्या देशात हे घडले. कारण तेच : चूक आणि लबाडी यांतला फरक कोणी विचारला नाही.

आता कामाचे मुद्दे. वहीत घ्या.

एक. नोटीस आली की आधी तारीख पाहा, उत्तराची मुदत किती ते पाहा. तोंडी दम दिला असेल तर लेखी मागा. मुदतीत कागद मिळत नसतील तर मुदतवाढीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. गप्प बसू नका.

दोन. कागद हाती येईपर्यंत माफीनामा नाही, कबुली नाही, घाईने पैसे भरणे नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पण तीच गोष्ट दुसऱ्या साहेबाला लिहून दिली तर ती अंगाशी येऊ शकते. मला हे ठाऊक नव्हते.

तीन. खुलासा तारीखवार लिहा. अर्ज कोणी भरला, वाचून दाखवला का, कोणते दाखले जोडले, ते कोणत्या कचेरीने दिले, नंतर घरात काय बदलले. लिहिलेला खुलासा बाईला तिच्या बोलीत वाचून दाखवा आणि तसे खाली नोंदवा.

चार. बाई खरोखर अटीत बसत नसेल, तर ते लपवू नका. लाभ बंद करण्याचा अर्ज द्या. पैसे परत करायचे ठरले तर हप्ते मागा. मात्र 'माहिती चुकीची गेली, फसवण्याचा हेतू नव्हता' हे वाक्य त्यात हवे, आणि ते खरे असेल तरच हवे.

पाच. पोलीस आले तर घाबरू नका आणि पळूही नका. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे यावे लागते. ३१८ चौथ्या पोटकलमाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावले आहे. आधी हजर राहण्याची नोटीस येते. ती आली की वकिलाला घेऊन हजर राहायचेच. सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. बनावट दाखल्याचे कलम लावले असेल तर प्रकरण जास्त गंभीर असते. तेव्हा अटकपूर्व जामिनासाठी त्याच दिवशी वकील गाठा. दाखला एजंटाने दिला असेल तर त्याचे नाव, दिलेले पैसे, फोनवरचे निरोप जपून ठेवा.

एक गोष्ट राहिली, ती आपल्याबद्दलची. फॉर्म भरणारे हात पुष्कळदा आपलेच असतात. रांग मोठी असते, मोबाईलची रेंज जाते, आपण म्हणतो, "लिही गं काहीतरी, चालतंय." ते 'काहीतरी' उद्या तिच्या नावावर चढते. आकडा तिला विचारून लिहा. हमीपत्राची ओळ न् ओळ मोठ्याने वाचा. अर्जाची एक प्रत तिच्या हातात द्या. पाच मिनिटे जास्त लागतील, लागू देत.

कोणी मला विचारते, खरेच जिने लबाडी केली तिच्यासाठीही उभे राहायचे का? मी म्हणते, तिच्यासाठी खोटे बोलायचे नाही. पण तिलाही वकील मिळाला पाहिजे, तिचेही म्हणणे ऐकले गेले पाहिजे. तिचा हक्क सोडून दिला तर उद्या मावशींच्या बाजूने बोलायला आपल्याला तोंड राहणार नाही.

मावशी आता गटाच्या बैठकीला येतात. कोणी कागद पुढे केला की आधी विचारतात, "ह्यात काय लिवलंय, वाच." मी वाचते. मगच त्या अंगठा उठवतात.