ऊन बघायला पैसे घालून कशाला जायचं?

आजचा एपिसोड तांत्रिक नाही. कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की घरच्यांना घेऊन फिरायला गेलास ते कसं जमवलंस, कुठं गेलास, किती लागले. तर आज तेच सांगतो. इयरफोन लावून बसा, थोडं लांबणार आहे.

मी हिमायतनगरचा. नांदेड जिल्ह्यातला, तेलंगणाच्या सीमेजवळचा तालुका. मे महिन्यात आमच्याकडं पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. दुपारी बाराला बाजारपेठेत कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा गावातल्या घरात मी एका संध्याकाळी जेवताना म्हणालो, "फ्रान्सला जाऊ, तिथं समुद्रकिनाऱ्यावर मस्त ऊन असतं." बाबांनी भाकरी मोडता मोडता वर बघितलं अन् म्हणाले, "ऊन बघायला पैसे घालून जायचं? आपल्या इथं काय कमी पडूलालंय का ऊन?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

फ्रान्स कुठून आलं ते सांगतो. माझी भाची. अक्काची मोठी मुलगी. ती नववीत असल्यापासून ड्युओलिंगोवर फ्रेंच शिकते. कुणी सांगितलं नव्हतं, एका सीरियलवरून डोक्यात बसलं. मी जोशात बोलून गेलो होतो की दहावीला नव्वदच्या वर घे, तुला फ्रान्सला नेतो. १३ मे २०२५ ला निकाल लागला. त्र्याण्णव टक्के. निकालाचा स्क्रीनशॉट आला अन् त्याच्याखाली एकच ओळ, "मामा, पासपोर्ट कधी काढायचे?"

मग मी लागलो हिशोबाला. इंजिनिअर माणूस, शीट उघडली. फ्रान्समध्ये ऊन पाहिजे तर दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठाला. नीस, आंतीब, मार्सेय ही तिकडची गावं. नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, हे मला तेव्हाच कळलं. मार्सेयच्या बाजूला कालांक नावाच्या पांढऱ्या कड्यांच्या खाड्या आहेत, तिथं चालत जायचं, पोरांना आवडेल असं वाटलं. पण मेमध्ये तिथं हवा छान असली तरी समुद्र गारठलेला असतो. पाण्यात उतरायचं तर जुलै-ऑगस्ट, अन् तेव्हा अख्खा फ्रान्सच सुट्टीवर समुद्राकडं निघालेला असतो, म्हणजे दर दुप्पट. शिवाय आपल्या पोरांच्या शाळा जूनमध्ये सुरू झालेल्या असतात.

आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. घरात टीनएजर पोरं असतील तर लक्षात ठेवा, बाराच्या पुढची पोरं सगळ्या जगाच्या दृष्टीनं मोठी माणसं असतात. विमानाचं तिकीट पूर्ण. शेंगेन व्हिसाची फी पूर्ण, म्हणजे जून २०२४ पासून माणशी ९० युरो. सहा ते अकराच्या पोराला अर्धी, ४५. माझा भाचा तेराचा, भाची सोळाची. आम्ही सात जण. नुसती व्हिसाची फी ६३० युरो, म्हणजे साठ हजाराच्या वर. त्यात किमान ३०,००० युरोचं विमा कवच असलेली पॉलिसी, बँकेचे स्टेटमेंट, कागद द्यायला बायोमेट्रिकसाठी सगळ्यांनी मोठ्या शहरात जायचं. बाबांचं बँकेचं पासबुक कापसाच्या पैशानं वर्षातून एकदाच हलतं. ते बघून तिकडचा अधिकारी काय म्हणेल हे माझं मलाच कळत होतं.

तरी मी "होईल होईल" म्हणत राहिलो. कारण पगार चालू होता.

ऑगस्टमध्ये नोकरी गेली. कंपनीचं नाव घेत नाही. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल, दुपारी लॉगिन बंद. टीममधले नऊ जण एका दिवसात बाहेर. मी पुण्यातली खोली सोडली अन् गावाकडं आलो. घरी सांगितलं, वर्क फ्रॉम होम मिळालंय. दोन महिने मी रोज सकाळी साडेनऊला माडीवर जाऊन दार लावून बसायचो. आई दहा वाजता चहा ठेवून जायची अन् खाली सगळ्यांना दटावायची, "ओरडू नका, त्याची मीटिंग चालू आहे." मी आत नौकरीडॉटकॉमवर.

भाचीनं ओळखलं. कसं, तर लॅपटॉपवरून. कंपनीच्या लॅपटॉपवर बारकोडचं स्टिकर असायचं, ते तिला माहीत होतं. आता माझ्यासमोर माझा एसजीजीएसमधला जुना लॅपटॉप, बिजागरी तुटलेला, विटेला टेकवून ठेवलेला. ती दारात उभी राहिली, स्टिकर शोधलं, अन् म्हणाली, "मामा, फ्रान्स राहू दे."

मी म्हणालो, अगं तसं काही नाही, पुढच्या वर्षी.

"मामा, मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी काय लहान आहे का?"

खरं सांगतो, मॅनेजरच्या कॉलपेक्षा हे जास्त लागलं. मी तिला पूर्ण तिकिटाची बाई धरून चाललो होतो, पण खरी गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा अर्ध्या तिकिटाची पोर केलं. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. हातात किती आहेत, हप्ता किती, किती महिने निघतील. आणि शीट तिच्याशी शेअर केली. म्हणालो, साठ हजार मी बाजूला काढू शकतो, नोकरी लागल्यावर. त्यात तूच शोध.

आता इथून पुढचं संशोधन तिचं आहे, मी फक्त सांगतोय.

पहिल्यांदा तिनं मॉरिशस काढलं. तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, मॉरिशसवर १७१५ पासून १८१० पर्यंत फ्रेंचांचं राज्य होतं. मग इंग्रज आले अन् १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं, तरी लोक आजही फ्रेंच अन् फ्रेंचवर उभी राहिलेली क्रेओल बोलतात. आणि तिथं मराठी माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, मेमध्ये समुद्र उबदार असतो, मुंबईहून थेट विमान आहे. फ्रेंच, ऊन, मराठी, सगळं एका बेटावर. फक्त सात जणांचं विमानभाडं आमच्या साठ हजारात बसत नव्हतं. ज्यांचं बसतं त्यांनी जरूर विचार करा. फ्रान्सपेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

मग तिनं पुदुच्चेरी काढलं. भाच्याला गोवा पाहिजे होता, वॉटर स्कूटरसाठी. अक्काचा गोव्याला ठाम नकार, कारण दाजींनी मित्रांसोबत केलेल्या गोवा ट्रिपचे फोटो तिनं पाहिलेत. पुदुच्चेरीतही दारू स्वस्त आहे हे मी अक्काला सांगितलं नाही. सॉरी अक्का.

मी म्हणालो दिवाळीत जाऊ, सुट्ट्या आहेत. भाची म्हणाली, पावसाचा तक्ता बघितलास का? आपला पाऊस जून ते सप्टेंबर. तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी. आपण दिवाळीच्या सुट्टीत मोकळे असतो नेमकं तेव्हा तिकडं छत्री उघडलेली असते. २०२४ मध्ये नोव्हेंबरच्या शेवटी फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळच किनाऱ्याला धडकलं होतं, गल्ल्यांमधून बोटी चालवल्या होत्या. मेमध्ये जायचं तर आपलंच ऊन, वरून दमट. म्हणजे राहिले जानेवारी ते मार्च. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. म्हणून जानेवारीचा शेवट, प्रजासत्ताक दिनाला जोडून, शाळेचे चार दिवस बुडवून. घरातल्या सगळ्यांत हुशार पोरीनं शाळा बुडवायचा प्रस्ताव मांडल्यावर अक्का गारच झाली.

प्रवासाची युक्तीही तिचीच. आदिलाबाद–तिरुपती कृष्णा एक्सप्रेस आपल्या हिमायतनगरवरूनच जाते. घरून निघालं की थेट तिरुपती. आईचं बालाजीचं दर्शन किती वर्षांचं राहिलेलं. ते झालं की आई पुढं कुठंही यायला तयार. तिरुपतीहून गाडी करून पाच-सहा तासांत पुदुच्चेरी. डिसेंबरात मला हैदराबादला कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं, आधीपेक्षा कमी पैशात, पण मिळालं. त्याच रात्री तिकिटं काढली. दाजी आले नाहीत, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. आम्ही सहा जण.

आता गाव कसं आहे ते. व्हाइट टाऊन म्हणजे जुनी फ्रेंच वस्ती, पिवळ्या भिंती, बोगनवेल, रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि तमिळमध्ये, पोलिसांच्या डोक्यावर लाल टोपी. दिसायला सुंदर आहे, पण खरं सांगू का, चालत तासाभरात संपतं. प्रत्येक पिवळ्या भिंतीपुढं कुणीतरी फोटोसाठी उभं असतं. कॅफे महाग आहेत. बाबांनी क्रोसाँ खाल्ला अन् विचारलं, "ह्यात आत काही घालायचं राहिलं का?" ऑरोव्हिल पोरांना कंटाळवाणं वाटलं, मातृमंदिर लांबून बघून परत. आत जायचं तर आधी बुकिंग लागतं, ते आम्ही केलं नव्हतं. भाच्याला खरी मजा आली ती सेरेनिटी बीचला. सर्फिंगचा एक क्लास. पहिला अर्धा तास नुसता पडत होता, अन् तोंडावर चार दिवसांत पहिल्यांदा फोन नव्हता. पण एक इशारा: बंगालच्या उपसागराला कमी समजू नका, आतली ओढ जोरात असते. शिकवणारा सोबत असल्याशिवाय कंबरेच्या पुढं पोरांना सोडू नका. गावातल्या रॉक बीचवर तर दगडच आहेत, तो पोहायचा नाही, फिरायचा.

एक गोष्ट भाचीनं संग्रहालयातून बाहेर पडताना सांगितली, ती माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. पुदुच्चेरी १९४७ ला स्वतंत्र झालं नाही. १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रेंचांनी ताबा सोडला, कागदोपत्री तर १९६२ उजाडलं. "मामा, म्हणजे आपल्यासारखंच की. आपण १७ सप्टेंबर १९४८. पंधरा ऑगस्टला आपणही बाहेरच होतो." निजामाच्या काळातलं नाव अजून अंगावर घेऊन फिरणाऱ्या गावची पोरगी, तिला ते पटकन दिसलं. वाढोण्याचं हिमायतनगर झालं, तसं इथं गल्ल्यांना ड्युमा अन् सुफ्रेन.

ती फ्रेंच बोलली का? बोलली. दुसऱ्या संध्याकाळी. किनाऱ्याचा रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद करतात, सगळं गाव चालायला येतं. बाकावर एक तमिळ आजोबा फ्रेंच पेपर वाचत होते. इथं आजही फ्रेंच नागरिकत्व असलेली तमिळ कुटुंबं आहेत, कुणाचे वडील-आजे फ्रेंच सैन्यात होते. भाची दोनदा त्यांच्यापुढून गेली, तिसऱ्यांदा थांबली अन् बोंज़ूर म्हणाली. पुढं दहा मिनिटं दोघं काय बोलत होते मला एक अक्षर कळलं नाही. परत आली तेव्हा कान लाल. म्हणाली, "त्यांनी माझी तीन क्रियापदं दुरुस्त केली."

आणि बाबा. बाबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. बासष्ट वर्षं. आपल्याकडं पाणी म्हणजे पैनगंगा, अन् पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला सवयीनं उठले, मला हलवलं, "चल, रान बघून येऊ." अर्धवट झोपेत मी निघालो. रस्ता रिकामा, गाड्या सकाळी साडेसातपर्यंत बंदच. पूर्वेचा किनारा, सूर्य थेट पाण्यातून वर येतो. बाबा दगडावर उकिडवे बसले, खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं पाणी, अन् पऱ्हाटीला एक थेंब कामाचं नाही."

थोड्या वेळानं, तिकडंच बघत: "नोकरी ऑगस्टात गेल्ती न तुझी?"

मी म्हणालो, कुणी सांगितलं?

"कुणी कशाला सांगाव. दोन महिने मीटिंग करूलालास अन् एकदा बी हसल्याचा आवाज नाही आला माडीवरून."

एवढंच. मग उठले, चहा शोधायला निघाले.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: सहा जण, थर्ड एसीनं जाणं-येणं, तिरुपतीहून गाडी दोन्हीकडून, चार रात्री दोन खोल्या, खाणं, सर्फिंग धरून ६१ हजार ४०० रुपये. फ्रान्सच्या नुसत्या व्हिसाच्या फीएवढं. खोल्या व्हाइट टाऊनमध्ये घेऊ नका, कालव्याच्या अलीकडं तमिळ वस्तीत घ्या, निम्म्यात मिळतात अन् सकाळी पोंगल-वडा दारात.

भाचीनं शीट बंद केलेली नाही. त्यात खाली नवीन टॅब आहे, "नीस", अन् पहिल्या ओळीत तिनं स्वतःचे अकराशे रुपये टाकलेत, दिवाळीच्या ओवाळणीचे. दुसरी ओळ माझ्या नावानं आहे, रिकामी. या महिन्याचा पगार पाच तारखेला होतो.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला.