हत्याराआधी हात शिकवा



आज आम्ही चाकूविषयी बोलणार आहोत.

एरंडोलच्या आसपास कापसाची राखण करायला गडी रात्री शेतात जातो. चोराचे भय असते. म्हणून कोणी कमरेला सुरा लावतो. एकट्या वाटेने जाणारी बाई विचारते, "पिशवीत चाकू ठेवू का?" चाकू जवळ आला म्हणजे भय गेले, असे वाटते. पण हे खरे आहे काय?

विळ्याचेच पाहा. पोराला ज्वारी कापायला नेता, तेव्हा आधी काय करता? मूठ कशी धरायची, ताट कुठे धरायचे, विळा पायावर येऊ नये म्हणून कसा ओढायचा, हे दाखवता. तरी बोट कापतेच. आणि ज्वारी तर जागेवर उभी असते! चालून येणारा माणूस उभा राहत नाही. तो मनगट धरतो, पिळतो, आणि आपलाच सुरा आपल्यावर उलटतो.

शिवाजी महाराजांची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. महाराजांजवळ वाघनखे आणि बिचवा होता, असे बखरी सांगतात. वाघनखांच्या अंगठ्या बोटांत घालतात. नख्या तळहातात लपतात. न शिकलेल्या माणसाने घाईत मूठ आवळली, तर त्याचाच तळवा फाटेल. बिचवा म्हणजे विंचवाच्या नांगीसारखा वाकडा सुरा. तोही सवयीच्या हातालाच वळतो.

पण नुसत्या हत्याराने काम झाले नाही. महाराजांच्या अंगात चिलखत होते. भेटीची सारी तयारी आधी केली होती. सय्यद बंडा तलवार घेऊन धावला, तेव्हा जिवा महाला आडवा आला. म्हणूनच लोक म्हणतात, "होता जिवा म्हणून वाचला शिवा."

पट्ट्याचे शिक्षण कसे असते? पट्ट्याच्या मुठीत हात कोपरापर्यंत झाकला जातो. मनगट वळत नाही. म्हणून खांदा, कंबर आणि पाय यांना वळण लावावे लागते. वस्ताद आधी पाय शिकवतो, मग काठी देतो. धारेचे हत्यार सर्वांत शेवटी. आणि चांगला वस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो, "वाट मोकळी असेल तर निघून जा."

कायदाही ध्यानात ठेवा. जीव वाचवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पण गरजेपुरताच. अंगावर आलेला माणूस पळाला, आणि आपण मागे धावून वार केला, तर ते संरक्षण नव्हे, तो गुन्हा. भांडणात सहज काढलेल्या सुऱ्यापायी दोन घरे बुडतात. एक मेलेल्याचे, दुसरे तुरुंगात गेलेल्याचे.

मग करावे काय? राखणीला दोघे मिळून जा. बॅटरी आणि शिट्टी जवळ ठेवा. संकटात ओरडा, पळा, ११२ वर फोन करा. कोणाला चाकू लागला, आणि तो अंगात रुतला असेल, तर उपसू नका. उपसल्याने रक्त जास्त वाहते. चाकूच्या भोवती स्वच्छ फडके दाबून धरा आणि १०८ ची गाडी बोलवा.

ज्याला हत्यार शिकायचे आहे, त्याने तालमीत जावे. वस्तादापुढे रोज घाम गाळावा. शिकलेला हात सुरा क्वचितच काढतो. न शिकलेल्या हाताने सुरा घरीच ठेवावा. तिथे तो कांदा चिरील.