दिव्यांग बालके आणि प्रतीक्षेचे व्याज
(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



सरत्या वर्षाचा जमाखर्च आपल्यापुढे नुकताच मांडण्यात आला. त्यात औषधे, वीज, वेतन, घसारा असे सर्व काही आले. एका खर्चासाठी मात्र त्यात रकाना नाही. तो म्हणजे दिव्यांग बालकाला तपासणी, निदान आणि उपचार यांसाठी करावी लागणारी प्रतीक्षा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. परंतु थकबाकीवर व्याज चढते एवढे मला समजते, आणि बालकाच्या बाबतीत ते फार जड असते.

नवजात बालकाच्या श्रवणाची प्राथमिक तपासणी एका महिन्यात, दोष असल्यास निदान तीन महिन्यांत आणि उपचाराचा प्रारंभ सहा महिन्यांत व्हावा, हा संकेत जगभर मान्य आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा दृष्टिपटल जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. वाकड्या पावलाला पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर घालण्यास सुरुवात झाली, तर मोठी शस्त्रक्रिया बहुधा टळते. आपल्या घरांतून मात्र ‘याचा मामाही उशिराच बोलू लागला होता’ असे म्हणून वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात.

कायद्याची चौकट आज पूर्वीपेक्षा व्यापक आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. एप्रिल २०१७ मध्ये अमलात आलेल्या २०१६ च्या अधिनियमात ते २१ झाले आणि स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचाही त्यात समावेश झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ २०१३ साली आपल्या महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. त्यानुसार आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन बालके तपासावीत आणि गरज भासल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवावीत, अशी योजना आहे.

मग वेळ जातो कोठे? तो एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना जातो. अंगणवाडीत चिठ्ठी मिळते, पुढे तज्ज्ञांची तारीख, मग श्रवणचाचणी किंवा मानसशास्त्रीय चाचणी, मग वैद्यकीय मंडळ आणि अखेर प्रमाणपत्र. तज्ज्ञ मोजके आणि बालके अनेक, यामुळे प्रत्येक टप्प्यावर रांग आहे. अर्जानंतर एका महिन्यात प्रमाणपत्र द्यावे, असे २०१७ चे नियम सांगत होते. २०२४ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन महिने झाली. प्रौढाला तीन महिने अल्प वाटतील; दीड वर्षाच्या बालकाच्या आयुष्याचा तो सहावा हिस्सा आहे.

आपल्या तालुक्यात त्यात अंतराची भर पडते. वावी किंवा ठाणगावहून आधी सिन्नर, तेथून पुढे सुमारे ३० किलोमीटर नाशिक. आठवड्यातून एकदा उपचारासाठी जायचे म्हटले, तरी वर्षाला ५२ खेपा होतात. विड्या वळणाऱ्या आईचे किंवा मुसळगाव वसाहतीतील कंत्राटी कामगार असलेल्या वडिलांचे तेवढेच रोज बुडतात. प्रमाणपत्र हाती आल्यावर एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. पण ते मिळवण्यासाठीच्या खेपा त्या सवलतीविनाच कराव्या लागतात. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता यांसाठी असलेली एक लाख रुपयांपर्यंतची निरामय विमा योजनाही प्रमाणपत्रानंतरच लागू होते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सवलतींसाठी प्रमाणपत्र आवश्यक आहे, उपचारासाठी नाही. वाचेचे व्यायाम, भौतिकोपचार, आईला शिकवायचे खेळ हे सर्व डॉक्टरांना शंका आल्याच्या दिवशीच सुरू करता येते. ‘कागद आला की पाहू’ ही समजूत अनेक पालकांच्या मनात आहे आणि ती मोडणे आपल्या हाती आहे. नाशकात रजनीताई लिमये यांनी मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले ते १९७७ साली, म्हणजे १९९५ च्या कायद्याच्या १८ वर्षे आधी. त्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, प्रत्येक बालकाच्या नोंदीत शंका आल्याची, निदानाची आणि उपचार सुरू झाल्याची अशा तीन तारखा असाव्यात आणि त्यांमधील दिवसांचा हिशेब दरवर्षी या अहवालात छापला जावा. दुसरी, आठवड्यातील एक दिवस असा ठरवावा, की बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छपराखाली भेटतील. चार खेपांचे काम एका खेपेत होईल. तिसरी, पालकांच्या प्रवासासाठी स्वतंत्र निधी असावा. धर्मादाय रुग्णालयांना देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. पण तो निधी उपचाराच्या देयकांसाठी आहे, एस.टी.च्या तिकिटासाठी नाही. ही उणीव देणगीदारच भरून काढू शकतील.

या सूचनांसाठी नवी इमारत लागणार नाही की महागडे यंत्रही नको. नियमित येणारे तज्ज्ञ, एक नोंदवही आणि ती दर महिन्याला तपासणारा एक जबाबदार माणूस एवढे पुरेसे आहे. पुढील वर्षी याच सभेत दिवसांचा तो हिशेब आपण मला विचारावा, अशी विनंती करून मी थांबतो.